चोरीला गेलेले दोनशे सदतीस तास

१

पस्तीस वर्षं मी हवामान कार्यालयाचं यंत्रभांडार सांभाळलं, त्यामुळे चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. एकदा अख्खं पर्जन्यमापक गेलं, आणि दुसऱ्या दिवशी चोर स्वतः येऊन त्याचं झाकण मागायला लागला. मी पावती मागितली तेव्हा कुठे वाटेला लागला. पण तास चोरीला गेलेले मी एकदाच पाहिले, तेही निवृत्त झाल्यावर. मोजून दोनशे सदतीस तास.

चोरी उघडकीला आणली एका मास्तरीणबाईंनी. गावाबाहेरच्या कारखान्याला दुसरं धुराडं बांधायचं होतं. त्याचा धूर कुठे किती पडेल याचा जाडजूड अहवाल, सोमवारच्या सुनावणीआधी लोकांना बघण्यासाठी, कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवला होता. असले अहवाल कोणी वाचत नाही. टेबलाचा पाय डुगडुगत असेल तरच त्यांना मागणी. मास्तरीणबाई मात्र तीन दिवस मधल्या सुट्टीत येऊन उभ्या उभ्या वाचत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी तो ग्रंथ साहेबांच्या टेबलावर आपटला.

"मी सकाळी सातला शाळेचं दार उघडते. माझ्याआधी धुराड्याचा वास आत शिरतो आणि निम्मा वर्ग खोकत बसतो. तुमच्या अहवालात थंडीच्या तीन महिन्यांत सकाळी पाच, सहा आणि सात वाजलेलेच नाहीत! कुठे ठेवलेत ते तास?"

साहेबांनी पानं उलटली. बाई खोटं बोलत नव्हत्या. जवळजवळ रोज पहाटेच्या त्या तीन तासांपुढे लिहिलं होतं, 'वारा स्तब्ध', आणि धुराच्या रकान्यात, 'गणना नाही'.

हे कसं होतं ते सांगतो, घाबरू नका, मलाही एवढंच कळतं. धूर कुठे जाईल हे सांगणारं एक गणित संगणकात असतं. त्याला कच्चं हवामान पचत नाही. वाऱ्याचा वेग, दिशा, तापमान, सगळं तासातासानं निवडून, तपासून, एका साच्यात घालून त्याच्यापुढे ठेवावं लागतं. हे निवडणटिपण करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. कार्यालयात सगळे त्याला 'चाळणी' म्हणत. आता पुढचं गणित वाऱ्याच्या वेगानं भागतं, आणि शून्यानं भागायला कोणालाच जमत नाही. म्हणून ज्या तासाला वारा शून्य, तो तास गणित सरळ सोडून देतं. आणि धूर सगळ्यात जास्त साचतो कधी? हवा जेमतेम हलत असते तेव्हाच.

म्हणजे वर्षातले सगळ्यात घाणेरडे तास कोणीतरी शून्य करून टाकले होते.

चाळणी चालवणारं माणूस कार्यालयात एकच होतं: माझी भाची. कंत्राटावरची नोकरी. साहेबांनी तिला पत्र दिलं, की शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा द्या, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. शिवाय यापुढे कुठल्याही सरकारी कामावर घेतलं जाणार नाही अशी नोंद होईल.

मी धावत तिच्याकडे गेलो. म्हटलं, "अगं, तू हे केलं नाहीस एवढं तरी लिहून दे!"

तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "मामा, मला काही लिहायचं नाही."

२

शुक्रवारी सकाळी मुख्यालयातून तपासाला एक बाई आल्या. मला वाटलं होतं कोणी तडफदार व्यक्ती येईल. ह्या आल्या, खुर्चीत बसल्या, बूट काढले आणि पिशवीतून सपाता काढून घातल्या. त्यांचे घोटे सुजले होते.

"ही या आठवड्यातली माझी तिसरी चौकशी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन्हींत सगळे निर्दोष होते आणि वस्तू मात्र गायब. साडेपाचला माझी बस आहे. तुम्ही कोण?"

"मी जुना भांडारी. कुठल्या कपाटाची किल्ली कुठे ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"आणि त्या मुलीचे मामा."

"तेही आहेच."

"बसा. मधेमधे बोलू नका."

हे शेवटचं मला आजवर कधीच जमलेलं नाही, पण मी मान डोलावली.

साहेब मुद्द्याचं बोलले. "हे बघा मॅडम, वारा मोजणारा खांब गावाबाहेर, माळावर. यंत्र आपोआप नोंद करतं, फाईल रोज सकाळी आठला इथे येते. तिला मधे कोणी हात लावत नाही. हात लागतो तो फक्त चाळणीपाशी. तिथे कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे."

"त्या मुलीचा यात फायदा काय?"

"कारखान्याचा सल्लागार दोनदा तिच्या टेबलाशी येऊन बसला होता. पुढचं मी बोलत नाही."

"बोलून झालं की तुमचं," तपासबाई म्हणाल्या.

साहेबांनी मग हुकमाचं पान काढलं. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. रोजचे तीन तास धरले तर दोनशे सत्तर व्हायला हवेत. पण शून्य झालेले तास दोनशे सदतीस. बाकीचे तेहतीस, म्हणजे मधल्या महिन्यातले सलग अकरा दिवस, त्यांत शून्य नव्हतं. तिथे 'नोंद नाही' अशी खूण तशीच राहिली होती.

"आता हजेरीपट बघा," साहेब म्हणाले. "तेच अकरा दिवस. एक मागे नाही, एक पुढे नाही. कोण रजेवर होतं?"

तपासबाईंनी पट पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. भाचीच्या नावापुढे अकरा तांबड्या रेघा होत्या.

३

भाची समोर येऊन बसली. डोळ्यांखाली काळं, हातात रुमाल, चेहरा असा की जणू चौकशी दुसऱ्याच कोणाची चालली आहे.

"शून्य तुम्ही घातलीत?"

"मला काही सांगायचं नाही."

"सल्लागार तुमच्याकडे का येत होता?"

"त्याला फाईल उघडता येत नव्हती. दोनदा शिकवलं. तिसऱ्यांदा आला असता तर मी त्यालाच चाळणीत घातलं असतं."

तपासबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "बरं, चाळणी रोज चालवता?"

"नाही. महिन्यातून एकदा, शेवटच्या दिवशी. सगळा महिना एकदम."

"रजेवरून आलात, त्यानंतर महिना संपायला किती दिवस होते?"

भाची गप्प झाली. फार उशिरा गप्प झाली, हे मला कळलं आणि तिलाही.

"नऊ," ती म्हणाली.

"चाळणी पहिल्या पायरीला काही कागद काढते का? काय आलं, काय नाही आलं, असा?"

"काढते. पण त्यात विशेष काही नसतं."

"मग दाखवायला काय हरकत?"

भाचीने कागद काढला, पण असा, की दातच उपटून देत्येय. तपासबाईंनी चष्मा लावला. तीन महिन्यांचा गोषवारा होता: वारा, नोंद नसलेले तास तेहतीस. तापमान, नोंद नसलेले तास दोनशे सत्तर.

त्यांनी दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग मला विचारलं, "भांडारी, खांबावरचं वाऱ्याचं यंत्र आणि तापमापक, दोघांना वीज कुठून मिळते?"

"एकाच बॅटरीतून. ती दिवसा उन्हावर भरते."

"बॅटरी म्हातारी असली तर?"

"पहाटेपर्यंत दम निघत नाही. मान टाकते. आठच्या सुमाराला ऊन लागलं की परत उठते."

"म्हणजे दोन्ही यंत्रं एकदम झोपायला हवीत. मग पहाटे पाचला तापमापक मेलेला असताना वाऱ्याचं यंत्र जागं राहून शून्य कसं लिहीत होतं?"

भाचीने रुमाल घट्ट पिळला.

"तापमानाची भोकं मग तुमच्या लक्षात आली असतील ना?"

"तीन तासांपर्यंतचं तापमान चाळणी आपणहून भरते. आजूबाजूच्या तासांवरून. वारा भरत नाही, वाऱ्याचं तसं नसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हा गोषवारा तेव्हा नीट वाचला नाही, मॅडम. ही चूक माझी आहे. एवढीच लिहा आणि मला जाऊ द्या."

"तुम्हाला जायची घाई फार," तपासबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कोणाचं नाव निघायच्या आत जायची."

४

सल्लागार अकराला आला. अत्तर आधी आलं, मागून तो. दोन वाक्यांमागे एकदा 'मॅडम' म्हणत होता.

"इतके तास स्तब्ध, याचं तुम्हाला नवल वाटलं नाही?"

"मॅडम, मी वाऱ्याला जाब विचारणारा कोण? मला जी फाईल मिळाली ती मी वापरली."

"आणि मनातून खूश झालात."

तो हसला. "मॅडम, खूश होणं नियमात बसतं."

तो गेल्यावर खिडकी उघडत तपासबाई म्हणाल्या, "हा माणूस मला आवडला नाही, आणि याने काही केलेलंही नाही. चोरी होऊन गेल्यावर माल घ्यायला आलेला हा. चला, खांब दाखवा."

खरं सांगायचं तर मला तिकडे जायचं नव्हतं. मी म्हटलं ऊन फार आहे, माझा गुडघा दुखतो, वाटेत कुत्री आहेत, एकदा त्यातल्या एकाने माझी छत्री खाल्ली होती, दांड्यासकट.

"दांडा पचला का?" त्यांनी विचारलं आणि चालू लागल्या.

माळावर खांब, खांबाखाली पत्र्याची खोली. आत एक टेबल, जुना संगणक, खुंटीवर कोट, आणि खुर्चीत खांबवाले. चाळीस वर्षं खांबापाशी काढलेला माणूस. जुन्या काळी यंत्रं नव्हती तेव्हा हा डोळ्यांनी हवा वाचायचा. पानं हलली तर वारा इतका, फांदी हलली तर इतका. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि आम्ही दोघंही एखादा अनोळखी माणूस भेटल्यासारखे वागलो.

तपासबाई खोलीभर बघत राहिल्या. टेबलावर जेवणाचा डबा होता, निळ्या चौकडीच्या फडक्यात बांधलेला, वर उलटी गाठ.

"डबा छान बांधलाय," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच चौकडी आणि अशीच उलटी गाठ मी सकाळी एका टेबलावर पाहिली. चाळणीच्या शेजारी."

मग माझ्याकडे वळल्या. "मामा, हे तुमचे कोण?"

५

आता तुमच्यापासूनही मी एक गोष्ट लपवली, हे खरं. तुम्ही विचारली नाहीत, मी सांगितली नाही.

"व्याही," मी म्हटलं. "भाचीचे सासरे."

"पाच तास तुम्ही माझ्याबरोबर फिरताय!"

"तुम्ही मधेमधे बोलू नका म्हणालात."

त्यांनी डोळे मिटून घेतले. रागावल्या नाहीत, रागवायलाही अंगात त्राण लागतं. मग व्याह्यांची रोजची वही मागितली. प्रत्येक दिवसाचं पान, ठसठशीत अक्षर. आणि मधेच अकरा पानं वेगळ्याच अक्षरात, किरटी, पहाटेच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा.

"हे कोणी लिहिलं?"

"फाटकावरच्या पहारेकऱ्याने. मी नव्हतो."

"कुठे होतात?"

"इस्पितळात. बायकोचं ऑपरेशन होतं. दिवसा मी बसायचो, रात्री सूनबाई." बोलता बोलता ते थांबले. "तुम्ही सूनबाईबद्दल का विचारताय?"

मी खाली बघितलं. माझ्या लक्षात आलं की या माणसाला पत्राचा पत्ताच नाही.

"खांबवाले," तपासबाई म्हणाल्या, "तुमच्या सुनेला आज संध्याकाळी पाचला नोकरीवरून काढताहेत."

६

पावणेचारला साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. तपासबाई उभ्या राहिल्या नाहीत. सपाता घातलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बोलल्या.

"साहेब, तुमचा हजेरीपट खरा आहे. त्यातून तुम्ही काढलेला अर्थ तेवढा चुकला. ही मुलगी महिन्याचं काम एकदम करते. तिला शून्य घालायचीच असती तर रजेवरून आल्यावर नऊ दिवस होते. अकरा दिवसांचं भोक तिने ठेवलंच नसतं. असं भोक राहतं ते रोजच्या रोज काम करणाऱ्याचं. तो आला नाही की त्या दिवसाचं काम राहून जातं. दुसरं, लबाडी करणाऱ्याने तापमानही भरलं असतं. ज्याने हे केलं त्याने तापमानाला बोट लावलं नाही. वाऱ्यापुरतंच लिहिलं. म्हणजे त्याला वाटत होतं की वारा आपल्याला माहीत आहे आणि तापमान नाही. असा माणूस..."

"मी केलं," भाची उठून म्हणाली. "सगळं मीच केलं. लिहून घ्या."

"खाली बस," व्याही म्हणाले.

"बाबा, तुम्ही बोलू नका. तीन महिने राहिलेत तुमचे."

"तुझी तीस वर्षं राहिलीत! आणि मला घरात कोणी काही सांगत नाही. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?"

"सांगितलं असतं तर तुम्ही इथे येऊन हेच केलं असतंत!"

"मग केलंच की!"

"एका गुन्ह्याला दोन उमेदवार," तपासबाई म्हणाल्या. "माझ्या फॉर्मवर जागा एकच आहे. खांबवाले, तुम्ही बोला."

व्याही साहेबांकडे वळले. "बॅटरीसाठी तीन अर्ज दिले मी. तिन्हींवर तुमचा शेरा, 'पुढील वर्षी पाहू'. वर तुमचा नवा नियम, की वाऱ्याचा रकाना रिकामा दिसला की दर तासाला एक खुलासा. रोज तीन खुलासे. 'बॅटरी जुनी, बॅटरी जुनी, बॅटरी जुनी.' तुम्ही मला फोनवर काय म्हणालात? 'मला रिकामा रकाना दिसता कामा नये.'"

"मी काय खोटं लिहा म्हटलं?" साहेब म्हणाले.

"मीही खोटं लिहिलेलं नाही!" व्याह्यांचा आवाज चढला. "यंत्र झोपलेलं असायचं, मी नाही. मी पाचला, सहाला, सातला बाहेर उभा राहायचो. पान हलत नव्हतं. गालाला काही लागत नव्हतं. आमच्या वेळी याला स्तब्ध म्हणायचे आणि शून्य लिहायचे. फाईल आठला निघायच्या आत मी तेच संगणकात घालायचो. चाळीस वर्षं तसंच लिहिलं, कोणी चोर म्हटलं नाही. तापमान मी अंगावरून कसं सांगणार? म्हणून ते सोडलं."

साहेबांनी कागद चाळायचं थांबवलं. मला वाटलं सुटले. दोघंही सुटले.

तपासबाईंनी पाय खाली घेतले. अगदी हळू विचारलं, "तुम्ही उभे असायचात तिथून धुराडं दिसतं?"

"दिसतं की."

"धूर काय करायचा पहाटे?"

"आधी सरळ वर जायचा. मग वाकायचा आणि खाली लोळत लोळत..." ते थांबले.

"कुठे?"

भाचीने मान फिरवली.

"शाळेकडे," व्याही शेवटी म्हणाले. "रोज शाळेकडे."

"कोणी नेत होतं त्याला?"

मी आयुष्यात एकही माणूस इतका सावकाश खुर्चीत बसताना पाहिलेला नाही. ते बसले, हात मांडीवर ठेवले आणि तळव्यांकडे बघत राहिले.

"वारा होता," ते म्हणाले. "माझ्या गालाला कळला नाही एवढंच."

७

पाचच्या आत साहेबांनी भाचीचं पत्र मागे घेतलं, लेखी. तपासबाईंनी ते दोनदा वाचलं आणि एक तारीख दुरुस्त करून घेतली. बॅटरीचे तिन्ही अर्ज, शेऱ्यांसकट, त्यांनी आपल्या अहवालाला जोडले. साहेब म्हणाले, "याची काय गरज?" त्या म्हणाल्या, "रिकामा रकाना मलाही आवडत नाही."

व्याह्यांबद्दल त्यांनी झालं तेच लिहिलं, कमी नाही, जास्त नाही. "निवृत्तीचे कागद काही महिने अडकतील," त्यांना सांगितलं. "ताकीद येईल. यापेक्षा मी काही करू शकत नाही."

"मी कुठे मागितलंय," व्याही म्हणाले.

सपाता पिशवीत गेल्या, बूट पायांत आले. दारात त्या मला म्हणाल्या, "मामा, छत्रीची गोष्ट खरी होती?"

"दांडा नव्हता पचला."

बस मिळाली की नाही ते मला कळलं नाही.

आम्ही तिघं चाळणीपाशी बसलो. शून्य काढून तिथे पुन्हा 'नोंद नाही' लिहायचं होतं, दोनशे सदतीस वेळा. एका दमात करायची युक्ती संगणकात असते म्हणे, पण व्याही म्हणाले, मी एकेक करून घातली, एकेक करूनच काढायची. ते वहीतून तारीख वाचत, भाची टंकत होती. मी चहा आणला. दोघं एकमेकांशी तारखांपलीकडे काही बोलत नव्हते. वहीतल्या चाळीस-पन्नास तारखा अशाच गेल्या.

मग भाची पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी गोषवारा पाहिला त्याच दिवशी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"कधी पाहिलास?"

"मास्तरीणबाई आल्या त्या संध्याकाळी. बघताक्षणी कळलं, हे तुमचं काम. तापमान सोडलेलं होतं ना."

व्याह्यांनी वहीचं पान उलटलं. "पुढची तारीख घे," म्हणाले.

सातला काम संपलं. तिने चाळणी पहिल्यापासून चालवली. नियम असा, की दर तीन महिन्यांत शंभरातल्या निदान नव्वद तासांची नोंद हवी. कमी पडली तर ते वर्षच धरत नाहीत. पडद्यावर आकडा आला: साडेसत्याऐंशी. खाली एक ओळ, 'अपुरी नोंद, पुढील पायरी रद्द'.

म्हणजे अहवाल गेला, सोमवारची सुनावणी गेली, धुराडं वर्षभर लांबलं. नवी बॅटरी लावून सगळं पहिल्यापासून मोजायचं. भाचीने खुर्चीला पाठ टेकली. या एका ओळीची बातमी आता साहेबांना तिलाच द्यायची होती, आणि खाली कोणाची तरी सही लागणार होती.

"छाप," व्याही म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी त्याचं टोपण उघडलं. "आणि सही कुठे करायची ते दाखव."